आगाऊ कुठली!

‘आगाऊ’ हा शब्द न ऐकता मोठं झालेलं मूल आमच्या पिढीत, निदान सांगलीच्या गावभागातल्या वाड्यांत तरी, सापडायचं नाही. आमची पिढी म्हणजे साधारण १९५० ते १९६० या दहा वर्षांत जन्मलेली. पानशेतचं धरण फुटल्याची बातमी जिने मोठ्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यांवरून ओळखली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जी पांघरुणं ओढत अंगणात येऊन उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात जिने रेशनच्या मिलो ज्वारीच्या लालसर भाकऱ्या खाल्ल्या, ती. त्या वाड्यातली आम्ही चुलत-आते भावंडं आता पुण्यात, ठाण्यात, बंगळुरात पांगलो आहोत, काही अमेरिकेत आहेत. वाडाही राहिला नाही. पण एकत्र जमलो की थोड्याच वेळात कुणीतरी कुणाला तरी ‘आगाऊ कुठली!’ म्हणतंच, आणि त्या दोन शब्दांत माजघर, ओसरी, परसातला बंब, सगळं पुन्हा उभं राहतं.

रागवायचे शब्द तेव्हा पुष्कळ होते आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. कौलांवर चढून पतंग काढणारा, गुडघे फोडून घेणारा मुलगा वांड. पाहुण्यांसमोर अंगविक्षेप करणारा आचरट. पोस्टमनने कुणाचं पत्र आणलं हे मान वाकडी करून बघणारी भोचक, आणि इकडचं ऐकून तिकडे सांगणारी चोंबडी. कारण नसताना फिदीफिदी हसणं हा थिल्लरपणा. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे उथळ पाण्याचं डबकं, हे मला फार उशिरा समजलं. माईला, म्हणजे आमच्या आजीला, ते माहीत असावं, कारण ती ‘काय ते थिल्लर हसणं, जरा खोल हसावं’ असं म्हणायची. वाह्यात हा अरबी-फारसीतून आलेला शब्द काकांच्या तोंडी असायचा आणि तो फक्त मुलग्यांसाठी राखलेला होता. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे?’ विचारणारी अवलक्षणी, कारण निघालेल्या माणसाला कुठे विचारू नये, ‘लांब का?’ असं विचारावं. आणि कुठल्या वेळी काय बोलावं हे ज्याला मुळातच कळत नसे, त्याला पाचपोच नसे. हा शेवटचा शेरा सगळ्यांत जड. तो मुलांवर क्वचित, मोठ्या माणसांवर, आणि बहुधा त्यांच्या पाठीमागे मारला जाई.

आगाऊ या सगळ्यांहून वेगळा होता. वांड मुलाने काहीतरी मोडलेलं असायचं, चोंबड्या मुलीने काहीतरी बिघडवलेलं असायचं. आगाऊ मूल मात्र पुष्कळदा बरोबर असायचं.

एकदा अण्णा, आमचे आजोबा, ओसरीवर त्यांच्या एका स्नेह्याबरोबर बसले होते. बोलणं कृष्णेच्या पुरावरून आयर्विन पुलावर आलं आणि त्या गृहस्थांनी पूल १९३५ साली झाला असं ठासून सांगितलं. खांबाआड बसून शेंगा सोलणारा माझा चुलतभाऊ तिथूनच म्हणाला, ‘नाही, १९२९. आम्हाला मास्तरांनी सांगितलंय.’ ओसरी एकदम गप्प झाली. माजघरातून मोठी काकू बाहेर आली, त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेली, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच तो शब्द आला. रात्री अण्णांनी त्याला जवळ बसवलं. सन बरोबर होता, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, ‘तो मनुष्य घामाघूम होऊन उन्हातून आपल्याकडे आला होता. त्याला पाणी दिलंस का? आधी पाणी, मग सन.’ त्या भावाने पुढे जन्मभर इतिहास शिकवला.

दुसरा प्रसंग माझ्या धाकट्या बहिणीचा. महिनाअखेरीला किराणा दुकानदाराचा माणूस उधारीच्या वसुलीला यायचा. एकदा मोठ्या काकांनी माडीवरून खूण केली आणि काकूने दारात सांगितलं, ‘घरात नाहीत ते, उद्या या.’ बहीण काकूच्या पदराशी उभी. तिने मान वर करून स्वच्छ आवाजात सांगितलं, ‘आहेत की. आत्ताच वर गेले.’ त्या माणसाने खाली बघितलं, ‘बरं, उद्या येतो’ म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी बहिणीला जे बसलं ते तिने अजून विसरलेलं नाही. आज मला वाटतं, त्या तिघांत सगळ्यांत पोच असलेला माणूस तो वसुलीवाला होता. त्याने खरं ऐकलं आणि ते खाली ठेवून तो गेला.

या दोन्ही ठिकाणी मूल खोटं बोललेलं नव्हतं. ते आधी बोललं होतं, इतकंच. शब्दाच्या पोटातही हेच आहे. संस्कृतातला ‘अग्र’, म्हणजे पुढचं टोक; त्याचे प्राकृतातून घासत येऊन आपल्याकडे आगा, अगाडी असे शब्द झाले. घोड्याचे पुढचे पाय बांधायची दोरी ती अगाडी, मागचे बांधायची ती पिछाडी. आगाऊ म्हणजे वेळेच्या पुढचं, अजून जे व्हायचं आहे त्याच्या आधीचं. म्हणूनच भाड्याची रक्कम आगाऊ असते, पगाराची उचल आगाऊ असते. एसटीच्या स्थानकात खिडकीवरची ‘आगाऊ आरक्षण’ ही पाटी याच बहिणीने पहिल्यांदा अक्षर जुळवून वाचली, तेव्हा या खिडकीलाही घरी गेल्यावर ओरडा बसतो का, असं तिने वहिनीला विचारलं होतं. (वहिनी म्हणजे आमची आई. काका तिला वहिनी म्हणत, म्हणून आम्हीही वहिनी म्हणायचो. त्या काळच्या एकत्र घरांत आईला आई म्हणणारी मुलं कमीच.) शेतकऱ्यांच्या बोलण्यात वेळेआधीची पेरणी ती आगाप पेरणी. आगाप पेरलेलं साधलं तर भाव चांगला मिळतो आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरायची वेळ येते. वाड्यातल्या आगाऊ मुलाचंही असंच होतं. साधलं तर कौतुक, नाही साधलं तर पाठीत धपाटा. कोल्हापूरकडून सुटीला येणाऱ्या आमच्या आतेभावंडांच्या तोंडी हा शब्द ‘आगाव’ होता, आणि ‘लई आगाव हाय ही’ असं ते म्हणत तेव्हा त्यात अर्धी तारीफच असायची.

वेळेच्या आधी बोलणं, वेळेच्या आधी उठणं, वेळेच्या आधी हात पुढे करणं याला त्या घराने एवढं का जपावं, हे समजायचं तर ते घर कसं चालायचं ते बघायला हवं. माणसं वीसेक आणि न्हाणीघर एक. पहाटे पहिली आंघोळ मोठ्या काकूची, कारण सोवळ्यात स्वयंपाकाला तिला लागायचं असे. मग अण्णा, देवपूजेसाठी. मग नोकरीवर जाणारे काका, मग शाळेची मुलं, आणि दुपार कलू लागली की राहिलेल्या बायका. बंबात गोवऱ्या, ढलप्या आणि शेंगांची टरफलं जळायची. जितकं कढत पाणी काढलं तितकं गार पाणी बंबात ओतायचं हा नियम. तो मोडणाऱ्याच्या मागच्या माणसाला गार पाण्याने आंघोळ करावी लागायची, म्हणून तो मोडला की भांडण व्हायचं. केसरी आला की अण्णांनी वाचून त्याची मूळ घडी केल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. मग काका, मग मोठे भाऊ, मग आम्ही मुली, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या एका पानात कुणीतरी भडंग बांधून नेलेलं असायचं. रेडिओ एक, त्याची खुंटी अण्णांच्या हातात. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायची तर शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन, दाराबाहेर बसून.

इतकी माणसं, इतकं थोडं सामान. प्रत्येक गोष्टीला पाळी लावल्याशिवाय ते घर एक दिवस चाललं नसतं. आगाऊपणा म्हणजे पाळी मोडणं. हा शब्द त्या घराचा पहारेकरी होता आणि त्याने आमचं पुष्कळ भलं केलं, हे मी मनापासून म्हणते. शेवटच्या माणसाला गरम पाणी मिळालं पाहिजे, ही गोष्ट आम्ही कुठल्या पुस्तकात वाचून शिकलो नाही.

पंगतीत हे सगळं नीट दिसायचं. सणावाराला माजघरात पाट मांडले जायचे, केळीची पानं, भोवती रांगोळी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे, मध्ये भाताची मूद आणि वरण. पोटात कावळे ओरडत असले तरी वरणभातावर तूप पडेपर्यंत, नैवेद्य होईपर्यंत, पानाभोवती पाणी फिरवून मोठी माणसं चित्राहुती घालेपर्यंत बोट हलवायचं नाही. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत असताना ‘मला एक द्या ना’ म्हणायचं नाही, कारण देवाने अजून घेतलेलं नाही. जेवताना पाहिजे ते मागायचं नाही, वाढपी येईल तेव्हा घ्यायचं. आणि सगळ्यांत अवघड नियम, आपलं झालं तरी उठायचं नाही. पंगतीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस सावकाश ताकभात कालवत असायचं आणि आम्ही वाळलेला हात घेऊन बसलेलो. ‘अर्ध्यावर उठलास तर त्यांना वाटेल आपल्यामुळे खोळंबा झाला,’ असं वहिनी कानात सांगायची. म्हाताऱ्या माणसाला घाई वाटू नये म्हणून आठ वर्षांच्या मुलाने स्वस्थ बसायचं. यात मला आजही काही चुकीचं दिसत नाही.

चुकीचं होतं ते दुसरीकडे, आणि ते बघायला आम्हाला फार वर्षं लागली. पुरुष आणि मुलं पहिल्या पंगतीला. बायका वाढायला. दुसऱ्या पंगतीला लांबचे, उशिरा आलेले, पुन्हा पुरुष. बायकांची पंगत दुपार टळल्यावर, केव्हा केव्हा साडेतीन-चारला, गार झालेल्या पोळ्या आणि तळाशी उरलेली आमटी घेऊन. ती पंगत अशी नसायचीच. स्वयंपाकघरात भांड्यांच्या मध्ये बसून उरकलेलं जेवण असायचं. पाळीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या घरात काही माणसांची पाळी रोज शेवटी होती, आणि बोलण्याच्या बाबतीत तर ती येतच नव्हती. वहिनीला ओसरीवरच्या चर्चेत कधी बोलताना मी ऐकलं नाही. मुलगा आगाऊपणा करायचा तेव्हा त्याला सांगितलं जायचं, ‘मोठा झालास की बोल.’ मुलीला कुणीही असं म्हणत नसे. मुलीला सांगायचे, ‘उद्या सासरी काय म्हणतील?’ तिच्यासाठी ती वेळ पुढे कुठेही ठेवलेली नव्हती.

मुलींच्या आगाऊपणाची यादी मुलांपेक्षा कितीतरी लांब होती. मोठ्याने हसणं, शीळ घालणं, दिवेलागणीला केस मोकळे सोडून दारात उभं राहणं, पाय पसरून बसणं, उंबऱ्यावर बसणं, वडिलांच्या बोलण्यावर ‘पण’ म्हणणं. आणि विचारणं. महिन्यातले चार दिवस काकू कोपऱ्यात वेगळी का बसते, तिला घोंगडी वेगळी का, पाणी वरून का घालतात? ‘कावळा शिवला’ हे उत्तर. कावळा कुठून आला, घरात कसा शिरला, मला का नाही शिवला, असे पुढचे प्रश्न विचारणारी आगाऊ. मी आणि माझ्या चुलतबहिणीने एकदा दिवसभर परसात बसून कावळ्यांवर पाळत ठेवली होती. आमच्या वयाच्या किती मुलींनी असं केलं असेल! पुढे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने मला सांगितलं की त्यांनी तर कावळ्याला पोळीचा तुकडा दाखवून, ‘ये, मला शीव’ असं म्हटलं होतं. त्यांना मार पडला होता. खरं उत्तर मात्र आम्हाला कुणीच दिलं नाही, आणि ज्या दिवशी ते अंगावर आलं त्या दिवशी आम्ही घाबरून रडलो. त्या घरातली एकही बाई दुष्ट नव्हती. तरी त्या शब्दाने आम्हाला जी माहिती नाकारली, तिचा राग मला आजही येतो.

वाड्यात आत्याबाई होत्या, अण्णांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, डोकं केलेलं, अंगावर लाल आलवण. त्यांना सगळे मान द्यायचे आणि कुणीही काही विचारायचं नाही. त्यांच्याजवळ जाऊन ‘तुमचे केस कुठे गेले?’ हे माझ्या धाकट्या बहिणीनेच विचारलं. तिने नाही तर कोण विचारणार! माई धावत आली, ‘आगाऊ मेली’ म्हणत तिला ओढायला लागली. आत्याबाईंनी हात वर करून माईला थांबवलं. मांडीवर बसवून बहिणीला त्यांनी सांगितलं, न्हावी कुठे बसला होता, वाड्याच्या कुठल्या खोलीत, त्या दिवशी पाऊस होता की नाही, आपल्या केसांची लांबी केवढी होती, आणि ते केस वेचून कुणी नेले. शांतपणे, बाजारहाटाचा हिशेब द्यावा तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं गं.’ दाराआड उभी असलेली वहिनी रडत होती. त्यानंतर बहिणीला आत्याबाईंच्या खोलीत कधीही जायची मुभा मिळाली. त्या गेल्या तेव्हा तीच सगळ्यांत जास्त रडली. आगाऊपणा आणि माया यांत नेमकं अंतर किती, हे त्या प्रसंगापासून मला ठरवता येत नाही.

या शब्दाची मुलांना आणि मुलींना वेगवेगळी किंमत पडायची, हे आमच्या पुस्तकांतही होतं. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली आला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि आमच्या आधीच्या भावंडांपासून आमच्यापर्यंत सगळ्यांना तो दाखवला गेला. श्याम चुकायचा, आई समजावायची. पण आम्ही जीव टाकला तो ताम्हनकरांच्या गोट्यावर आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर. बनेश फेणे म्हणजे आगाऊपणाचा मुकुटमणीच. जिथे बोलावलं नाही तिथे जाणार, मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसणार, आणि शेवटी मोठ्यांनाच त्याचे आभार मानावे लागणार. नगर वाचनालयातून ती पुस्तकं आणायला आम्हा मुलींची झुंबड उडायची. ताम्हनकरांची चिंगी होती, नाही असं नाही, पण सायकल दामटत चोरांमागे जाणारी मुलगी आम्हाला कुणी दिली नाही. मुलग्याचा आगाऊपणा गोष्टीचा नायक व्हायचा. मुलीच्या आगाऊपणाचं पुढे स्थळाच्या वेळी काय व्हायचं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. माझी एक चुलतबहीण, बी.एस्सी. झालेली, दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलाने तिला विचारलं, ‘स्वयंपाक येतो का?’ ती म्हणाली, ‘येतो. तुम्हाला?’ चहाच्या कपबशा उचलायच्या आत निरोप ठरला. ‘मुलगी जरा आगाऊ वाटली’ हे वाक्य मध्यस्थाकडून आलं, आणि मग ते पुढच्या दोन स्थळांकडे आमच्या आधी पोचलं. तिचं पुढे छान झालं, स्वतःच्या पसंतीने झालं. पण ती दोन वर्षं त्या घरावर काय सावट होतं हे मला माहीत आहे, आणि त्या मुलीला दोष देणाऱ्यांत तिची सख्खी आईही होती.

हा शब्द मुलींना बहुतेक वेळा बायकांच्याच तोंडून ऐकावा लागायचा, हे जुनंच दुखणं. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० सालचं. नवऱ्याच्या इच्छेने शिकणाऱ्या रमाबाईंना घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांनी किती जाच केला, हे त्यात त्यांनी कुणाविषयी कडवटपणा न ठेवता लिहिलंय. ते वाचताना मला मोठी काकू दिसते. तिच्या लेखी ती आम्हाला मारत नव्हती, वाचवत होती. जगात मुलीच्या तोंडातून निघालेल्या शब्दाची काय किंमत मोजावी लागते हे तिने सोसून जाणलं होतं, म्हणून तो शब्द आमच्या तोंडातच अडवायची तिची धडपड. तिच्यावर रागवायला मला जमत नाही.

आणि तरी याच शब्दात लाडही केवढा होता! सूर बदलला की अर्थ बदलायचा. ‘आगाऊ कुठली’ यातला ‘कुठली’ आखडून म्हटला की रागावणं. तोच लांबवून, गालावर चिमटा घेत म्हटला की कौतुक. माझ्या धाकट्या भावाने चौथ्या वर्षी अण्णांची काठी, टोपी, चष्मा घालून ओसरीवरच्या कुळाला ‘काय म्हणतंय पीकपाणी?’ विचारलं, तेव्हा अण्णा हसून म्हणाले, ‘आगाऊ आहे हो!’ त्या ‘हो’मध्ये जो अभिमान होता तो त्यांनी कुठल्याही परीक्षेच्या निकालाला दाखवला नाही. नव्या सुनेला सासूने पहिल्यांदा ‘आगाऊ आहेस’ म्हटलं की तिला घरात घेतलं असं समजायचं, असं माझी धाकटी काकू सांगते. त्याआधी तिच्याशी सगळे परक्यासारखे नीट बोलत होते.

आमच्या मुलांच्या घरांत हा शब्द जवळजवळ उरलेला नाही. तिथे ‘ओव्हरस्मार्ट’ आहे, ‘ॲटिट्यूड’ आहे. या शब्दांत कुणीतरी जास्त झाल्याची तक्रार आहे, आधी झाल्याची नाही. ते साहजिकच आहे, कारण तिथे पाळीच नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटला दोन न्हाणीघरं, माणसागणिक फोन, आणि तीन वर्षांच्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारे आईबाप. माझ्या नातीला मासिक पाळी म्हणजे काय हे तिच्या आईने नवव्या वर्षी चित्र काढून समजावलं. मी दारात उभी राहून ते ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ही पिढी अधिक मोकळी आहे, अधिक खरी आहे. मला एकच उणीव जाणवते. म्हाताऱ्या माणसाने सांगायला सुरुवात केली की वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी फोनवर शोधून सन दुरुस्त करतं. सन बरोबरच असतो. पण मग तो म्हातारा पुढचं बोलत नाही.

गेल्या दिवाळीत ताईआत्याकडे आम्ही बरेच जण जमलो. आत्या अण्णांची धाकटी मुलगी, आता नव्वदीच्या जवळ. आम्ही लहान असताना ती लग्न होऊन कोल्हापूरला गेली होती. ती ‘आगाव’ म्हणणारी आतेभावंडं तिचीच. आमच्या गप्पा याच शब्दावर आलेल्या होत्या, कुणी किती वेळा मार खाल्ला त्याच्या कथा चालल्या होत्या. माझ्या नातीने मध्येच विचारलं, ‘आत्याआजी, तुला काय विचारायचं होतं आणि तू विचारलं नाहीस?’

आत्याने जरासुद्धा विचार केला नाही. ‘मला सातवीच्या फायनलला जिल्ह्यात नंबर मिळाला होता,’ ती म्हणाली. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. फायनल झालेल्या मुलीला तेव्हा शाळेत मास्तरीण होता येत असे. शाळेच्या बाई स्वतः वाड्यात येऊन अण्णांना सांगून गेल्या होत्या की हिला पुढे शिकवा, गणित फार चांगलं आहे. अण्णांनी बरं म्हटलं आणि विषय तिथेच राहिला. सहा महिन्यांनी तिचं लग्न ठरलं. ‘मला फक्त विचारायचं होतं, त्या बाईंना तुम्ही काय उत्तर दिलंत? रोज संध्याकाळी मी अण्णांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर जायची. रोज म्हणायची, आज विचारीन.’

‘मग विचारलंस का नाही? भांडायचं ना!’ नात म्हणाली.

‘भांडून काय मिळतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून तू म्हणतेस,’ आत्या म्हणाली. ‘मला ते बघायलाच मिळालं नव्हतं कुणाकडे. थांब, माझं सांगून झालेलं नाही. त्या बाई लग्नात आल्या होत्या. त्यांनी मला बीजगणिताचं पुस्तक दिलं, रुखवतात लपवून. ते मी कोल्हापूरला नेलं आणि दुपारची भांडी झाली की सोडवत बसायची. सासूबाईंनी पाहिलं एक दिवस.’

‘काय म्हणाल्या?’ आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं.

‘म्हणाल्या, फार आगाऊ दिसतेस. आणि मग माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, हे एक्स म्हणजे काय ते मला सांग.’